पत्ते नीट पिसले का? कोसंबींना विचारा

आखाजीच्या दिवशी दुपारी शिंदखेड्यात एक चक्कर मारा. घराघरात आमरस आणि पुरणपोळीचं जेवण उरकलेलं असतं. माहेरी आलेल्या बहिणी झोक्यावर गाणी म्हणत असतात. आणि कुठल्या तरी निंबाच्या सावलीत, नाहीतर ओट्यावर सतरंजी टाकून, पत्त्यांचे डाव बसलेले असतात. एरवी पत्त्याला हात न लावणारी माणसंही त्या दिवशी बसतात. आपल्या खान्देशात ही जुनी चाल आहे, तुम्हाला नवीन सांगायला नको.

तुम्ही कधी त्या घोळक्यात उभे राहिला असाल तर एक गोष्ट नक्की बघितली असेल. एक जण सलग तीन डाव जिंकतो. मग चौथा. मागे उभे असलेले सगळे म्हणायला लागतात, आज येना हात चाली ऱ्हायना. झालं! हात चालतोय म्हटल्यावर तो गडी पैसे वाढवतो, बघणारेही त्याच्या बाजूने लावायला लागतात. संध्याकाळी तोच माणूस खाली मान घालून घरी जाताना दिसतो.

मीही त्यातलाच. सेकंड इयरला असताना रूमवर रात्री मोबाईलवर तीनपत्ती खेळायचो. एका रात्री सलग सहा डाव जिंकलो. वाटलं, आज आपला दिवस आहे. पुढच्या डावांना जे पैसे लावले त्यात परीक्षेच्या फॉर्मचे पैसेही होते. ते गेले. नंतर मित्राकडून उसने घेऊन, लेट फी भरून फॉर्म भरला. घरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण ही पुरवणी घरीही वाचली जाते.

पण एक प्रश्न डोक्यात राहिला. त्या सहा डावांत खरंच काही होतं का? सहा वेळा जिंकणं म्हणजे काहीतरी असणारच ना? याचं उत्तर शोधताना एका अशा माणसाचं नाव समोर आलं, जे तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये अधोरेखित केलं असेल, पण पत्त्यांच्या संदर्भात कधी ऐकलं नसेल. दामोदर धर्मानंद कोसंबी. हो, तेच, मार्क्सवादी इतिहासकार, एका मार्काचा प्रश्न. हा माणूस मुळात गणिती होता, आणि 1958 मध्ये त्यांनी चक्क पत्ते पिसण्यावर शोधनिबंध लिहिला होता. आज त्यांची गोष्ट सांगतो.

गोव्याहून हार्वर्डला

दामोदर यांचा जन्म 31 जुलै 1907 चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. बुद्ध समजून घ्यायचा म्हणून घर सोडून श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घातलेला माणूस. पुढे हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम त्यांच्याकडे आलं आणि 1918 मध्ये ते मुलाला घेऊन अमेरिकेला गेले. म्हणजे आपण ज्या वयात पाचवी-सहावीत असतो, त्या वयात हा मुलगा बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये इंग्रजी शाळेत बसला.

तिथून पुढे हार्वर्ड. गणित तर होतंच, पण भाषा, इतिहास, जे दिसेल ते वाचायचं. नॉर्बर्ट वीनर हे पुढे जगभर गाजलेले गणिती त्यांचे स्नेही झाले. 1929 मध्ये पदवी घेऊन दामोदर भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ, आणि 1933 पासून पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. 1934 मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. पत्त्यांच्या भाषेत सांगायचं तर हात चालत होता.

छापून आलेला ब्लफ

पोकर किंवा तीनपत्ती खेळणाऱ्यांना ब्लफ कळतो. हातात काही नसताना चेहरा असा ठेवायचा की समोरच्याने पत्ते टाकून द्यावेत. कोसंबींनी असा एक ब्लफ गणितात केला आहे.

अलीगढला तेव्हा आंद्रे व्हेय नावाचे तरुण फ्रेंच गणिती शिकवत होते. त्यांनी कोसंबींना एक खोडी सुचवली. 1931 मध्ये कोसंबींनी एक निबंध छापला, त्यात डी. बुर्बाकी नावाच्या गणितीच्या प्रमेयाचा उल्लेख केला. असा कुणी गणिती जगात नव्हताच! निबंध छापूनही आला. नंतर काही वर्षांनी व्हेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी बुर्बाकी याच टोपणनावाने एकत्र पुस्तकं लिहायला घेतली आणि ते नाव गणितात अजरामर झालं. छापील गणितात या नावाचा पहिला मान जातो आपल्या कोसंबींना.

गंमत म्हणून ही गोष्ट सोडून देऊ नका. छापील आहे आणि ठामपणे सांगितलंय म्हणून ते खरं, असं नसतं, हे कोसंबींना वयाच्या चोविसाव्या वर्षी आतून माहीत होतं. पुढे त्यांचं सगळं काम याच सवयीवर उभं राहिलं. कुणीही काहीही सांगो, मोजून बघायचं.

एका नाण्यावरून काही कळत नाही

फर्ग्युसनमध्ये असताना त्यांनी संख्याशास्त्र हातात घेतलं. आता नुसती सूत्रं सोडवण्यात त्यांना रस नव्हता, काहीतरी खरं मोजायचं होतं. त्यांनी निवडली नाणी. तक्षशिलेला सापडलेली अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारची चांदीची आहत नाणी. आहत म्हणजे ठसे ठोकलेली. त्यावर राजाचं नाव नाही, साल नाही. मग कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींनी तराजू घेतला. विचार साधा होता. नाणं हातातून हातात जातं तसं झिजतं. प्रत्येक वेळी अगदी थोडं, पण झिजतंच. एखादं नाणं कुणीतरी मडक्यात पुरून ठेवलं तर ते कमी झिजेल, एखादं बाजारात जास्त फिरलं तर जास्त झिजेल. म्हणून एका नाण्याचं वजन बघून काहीच सांगता येत नाही. पण एकाच प्रकारच्या शेकडो नाण्यांची सरासरी घेतली, तर जुन्या गटाची सरासरी कमी भरते आणि वजनांतला फरकही जास्त पसरलेला दिसतो. हा नियम खरा आहे का हे पाहायला त्यांनी त्यांच्या काळात चलनात असलेली साधी नाणीही वजन करून पाहिली. हजारो नाणी, एकेक करून.

इथे जरा थांबा आणि आपल्या सहा डावांकडे बघा. एक नाणं म्हणजे एक डाव. एका डावावरून खेळाडूबद्दल काही कळत नाही. सहावरूनही नाही. पोकरचंच उदाहरण घ्या. टेक्सास होल्डेम प्रकारात सुरुवातीला दोन पत्ते मिळतात. दोन्ही एक्के यायची शक्यता 221 मध्ये एक. आले, तरी समोर एकच खेळाडू असेल आणि त्याच्याकडे कुठलेही दोन पत्ते असतील, तर शंभरात साधारण पंधरा वेळा तुम्ही हरताच. म्हणजे सगळ्यात चांगला हात घेऊनही माणूस हरतो, आणि रद्दी हात घेऊनही जिंकतो. पोकरमध्ये कौशल्य नाही असं नाही. पण ते दिसायला हजारो डाव लागतात. एका रात्रीत जे दिसतं तो बहुतेक नशिबाचा गोंगाट असतो.

मागच्याचा पुढच्यावर परिणाम?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हात चालतो असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणत असतो? मागचा डाव जिंकलो, म्हणून पुढचा जिंकायची शक्यता वाढली, असं. सलग हरणारा उलटं म्हणतो. एवढे डाव हरलो, आता तरी माझी पाळी. दोघंही एकच गृहीत धरतात, की मागच्याचा पुढच्यावर परिणाम होतो.

कधी कधी तो खरंच होतो. 1944 मध्ये कोसंबींनी आनुवंशिकीवर एक निबंध लिहिला. आई-बापाकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी होण्याची शक्यता कमी होते. म्हणजे इथे शेजाऱ्याचा परिणाम आहे. तो हिशेबात धरून दोन जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र कोसंबींनी दिलं. आजही पिकांचे जनुकीय नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोसंबी फंक्शन नावाचा पर्याय असतो. ॲग्रीला असलेल्या मित्राला विचारा, त्याने ते नाव बघितलं असेल. ते इतिहासकार कोसंबीच आहेत हे मात्र त्याला बहुधा माहीत नसेल.

नाणेफेकीत असा परिणाम नसतो. नाण्याला आठवण नसते. पाच वेळा छापा पडला तरी सहाव्या वेळी छाप्याची शक्यता निम्मीच. हे सगळ्यांना पाठ असतं, पण मनाला पटत नाही. म्हणून कॉलेजात हा प्रयोग करून बघा. वर्गातली 32 मुलं-मुली उभी करा. दोघादोघांच्या जोड्या लावून नाणेफेक करा, हरेल तो बसेल. पहिल्या फेरीनंतर 16 उरतील, मग 8, मग 4, मग 2, शेवटी एक. तो जो एक उरेल, तो सलग पाच वेळा जिंकलेला असेल. दरवेळी कुणी ना कुणी असा निघणारच. त्यात त्याचं कर्तृत्व शून्य. पण त्याला स्टेजवर बोलवा आणि रहस्य विचारा, तो काहीतरी नक्की सांगेल!

दुसरा प्रयोग घरी करा. एक रुपया शंभर वेळा उडवा आणि निकाल लिहून काढा. सलग पाच वेळा तीच बाजू पडलेली कुठे ना कुठे सापडण्याची शक्यता शंभरात 97 आहे. सलग सहा वेळा सापडण्याची शक्यताही शंभरात 80 च्या आसपास. म्हणजे माझे ते सहा डाव चमत्कार नव्हते. मी रोज रात्री खेळत होतो, महिन्याला शेकडो डाव. कधीतरी सहा सलग येणारच होते. न येते तर नवल.

आता ग्रुपवर येणारे जिंकल्याचे स्क्रीनशॉट आठवा. 32 पैकी एक स्क्रीनशॉट टाकतो, 31 गप्प बसतात. तुम्हाला दिसतो फक्त तो एक.

पिसलेले पत्ते

कोसंबी 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. होमी भाभांनी संस्था नुकतीच सुरू केली होती आणि सुरुवातीलाच ज्यांना बोलावलं त्यांत कोसंबी होते. राहायचं पुण्यात आणि नोकरी मुंबईत. डेक्कन क्वीनने जाणं-येणं. या प्रवासात वाचन, लिखाण, वाद, सगळं चालायचं. 1948-49 मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आले, प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांनाही भेटले.

त्या काळात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले जे. बी. ऱ्हाइन नावाचे संशोधक पत्त्यांवरून अतींद्रिय शक्ती सिद्ध करायला निघाले होते. 25 पत्ते, त्यावर पाच प्रकारची चिन्हं. एकाने पत्ता बघायचा, दुसऱ्याने न बघता ओळखायचा. नुसत्या अंदाजाने 25 पैकी सरासरी 5 बरोबर येतात. कुणाचे सतत जास्त आले की त्याच्यात काहीतरी शक्ती आहे, असा दावा. म्हणजे पुन्हा तेच, हात चालतोय!

पण या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पत्ते नीट पिसलेले आहेत, ही. ते खरंच असतात का? कोसंबींनी यू. व्ही. राममोहन राव यांच्यासोबत नेमका हाच प्रश्न घेतला. पत्ते पिसल्याने ते कितपत विस्कळीत होतात? त्यांचा निबंध 1958 मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते आपल्या आखाजीच्या डावावर बघा. तीनपत्तीचा डाव संपला. सगळ्यांचे पत्ते गोळा झाले, एकावर एक पडले. पिसणाऱ्याने कॅट हातात घेऊन दोन-चार वेळा वरचे खाली केले, समोरच्याने कापला, वाटप सुरू. अशा पिसण्यात पत्त्यांचे गठ्ठे गठ्ठे तसेच राहतात. मागच्या डावात शेजारी असलेले दोन पत्ते या डावातही शेजारीच असण्याची बरीच शक्यता असते. म्हणजे इथे मागच्या डावाची आठवण पत्त्यांत खरोखर शिल्लक राहते. पण ती नशिबाची नसते, आळशी पिसण्याची असते. आणि तिचा फायदा कुणाला होतो? हात चालणाऱ्याला नाही. ज्याचं लक्ष गठ्ठ्याकडे आहे त्याला.

पुढे 1992 मध्ये डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या अमेरिकन गणितींनी दाखवलं, की कॅटचे दोन भाग करून पत्ते एकमेकांत फर्रर्र सोडायची जी पद्धत आहे, तिने 52 पत्ते चांगले मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. आपण सात वेळा कधी पिसतो? त्या निकालाच्या 34 वर्षं आधी आपला पुण्याचा माणूस याच रस्त्यावर उभा होता.

तर आता उत्तर दोन भागांत आलं. पत्ते नीट पिसले असतील, तर मागच्या डावाचा पुढच्यावर परिणाम नाही आणि हात चालणं हा भास आहे. नीट पिसले नसतील, तर परिणाम आहे, पण तो तुमच्या बाजूने आहे असं कुणी सांगितलं? दोन्हीकडून बघा, चार डाव जिंकल्यावर पैसे वाढवायला कारण सापडत नाही.

स्वतःचा हात चालतो तेव्हा

इथे ही गोष्ट संपली असती तर कोसंबी हे भिंतीवरच्या फोटोतले थोर पुरुष झाले असते. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि आपल्या जास्त जवळची.

पन्नाशीपर्यंत या माणसाने हात लावला ते जमत गेलं होतं. भूमिती, संख्याशास्त्र, जनुकं, नाणी. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं जुळवून 1948 मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. 1956 मध्ये भारतीय इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक आलं आणि इतिहास लिहायची पद्धतच बदलली. राजांच्या याद्यांऐवजी नांगर, नाणी, वस्त्या आणि गावोगावचे देव यांतून इतिहास वाचायचा, हे त्यांनी दाखवलं. कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडून शेवटी आपल्या धुळ्यात 1926 मध्ये देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव आपल्याकडे शाळेपासून ऐकू येतं. कोसंबींची वाट आणि मतं निराळी, पण पायपीट तशीच. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरून ते अश्मयुगातली दगडी हत्यारं गोळा करत.

मग त्यांनी गणितातला सगळ्यात मोठा डाव मांडला. रीमानचा सिद्धान्त. 1859 मध्ये जर्मन गणिती रीमान यांनी अविभाज्य संख्यांबद्दल एक अंदाज मांडला होता. 2, 3, 5, 7, 11 या संख्या पुढे पुढे कशा पसरतात, त्याच्याशी तो जोडलेला आहे. तो खरा आहे असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं, पण सिद्ध आजपर्यंत कुणालाही झालेला नाही. 2000 मध्ये त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलं, ते अजून तसंच पडून आहे.

कोसंबींनी संभाव्यतेच्या वाटेने तो सोडवायला घेतला. 1959 मध्ये, रीमानला बरोबर शंभर वर्षं होताना, त्यांनी सिद्धता सापडल्याचा दावा छापला. तोही कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय जर्नलमध्ये. तज्ज्ञांनी तो मानला नाही. अडचण कुठे होती ते आपल्या भाषेत सांगायचं तर अशी. संभाव्यता सांगते की अमुक गोष्ट जवळजवळ नेहमी होईल. पण अविभाज्य संख्या काही पत्ते पिसून वाटलेल्या नाहीत. त्या ठरलेल्या आहेत, एकच एक डाव आहे. तिथे जवळजवळ नेहमी चालत नाही, नेहमीच लागतं.

ज्या माणसाने इतरांना विचारलं होतं की पत्ते नीट पिसले का, तो स्वतःच्या डावाला हा प्रश्न पुरेसा विचारू शकला नाही. तीस वर्षं हात चालत आला होता. याही वेळी चालेल असं वाटलं असेल का? त्यांच्या मनातलं आपण सांगू शकत नाही. पण बाहेर जे झालं ते नोंदलेलं आहे. दावा त्यांनी सोडला नाही. गणितींमधलं त्यांचं वजन घटलं. भाभांशी संबंध ताणलेले होते. अणुऊर्जेऐवजी सूर्याच्या ऊर्जेकडे बघा, असं ते उघड बोलत, आणि भाभा तर अणुऊर्जेचेच प्रमुख. म्हणजे कारण एकच नव्हतं. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. सतरा वर्षांची नोकरी संपली.

त्यानंतर काही गणिती निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. चोविसाव्या वर्षी गंमत म्हणून खोटा गणिती उभा करणारा माणूस पन्नाशीनंतर स्वतःच खोट्या नावाआड गेला. हे वाचून मला कसंतरीच झालं.

पण ते बसून राहिले नाहीत. इतिहासाचं लिखाण चालू राहिलं, टेकड्यांवरची पायपीट चालू राहिली. 1964 मध्ये मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते जोडले गेले. अविभाज्य संख्यांचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. 29 जून 1966 ला पुण्यात झोपेतच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय 58. 2008 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. आज इतिहास शिकणारे त्यांचं पुस्तक वाचतात, शेतकी संशोधक त्यांचं सूत्र वापरतात, आणि रीमानचा दावा कुणी वापरत नाही. नाणी तोलली गेली, खरी होती ती राहिली.

मग आपण काय करायचं?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. पोकर, रमी, तीनपत्ती, सगळं त्यात आलं. पण कायदा आला म्हणून डोक्यातला हिशेब बदलत नाही. आखाजी दरवर्षी येणार आहे, आणि रूमवर कॅट असतोच.

म्हणून शेवटचा एक हिशेब ध्यानात ठेवा. समजा खेळ अगदी प्रामाणिक आहे, प्रत्येक डाव निम्मा-निम्मा, दरवेळी लावायची रक्कम सारखी. तुमच्याकडे 500 रुपये आहेत, समोरच्याकडे 9,500. कुणीतरी एक कफल्लक होईपर्यंत खेळायचं. तुम्ही सगळे पैसे जिंकण्याची शक्यता किती? 20 मध्ये एक. उरलेल्या 19 वेळा तुमचे 500 जातात. ही प्रामाणिक खेळाची गोष्ट झाली. अड्डेवाल्याने प्रत्येक डावातून आपला वाटा काढला की तेवढीही उरत नाही. आणि मजा म्हणजे हरण्याच्या वाटेवर तुम्ही मधूनमधून सलग चार-पाच डाव जिंकताच. तेवढ्यासाठीच तर आपण उठत नाही.

माझ्या त्या रात्रीचं उत्तर मला मिळालं. सहा डावांत काही नव्हतं. चूक सातव्या डावात नव्हती, सहाव्यानंतर मी स्वतःबद्दल जे समजलो त्यात होती. आणि कोसंबींची गोष्ट वाचल्यावर एवढं कळलं की ही चूक फक्त जुगाऱ्याची नसते. पाच सेमिस्टर चांगले गेले म्हणून सहाव्याला न वाचता बसणारा आणि दोन मुलाखती जमल्या म्हणून तिसरीची तयारी न करणारा, दोघांचाही हात चालत असतो.

तर यंदा आखाजीला कुणी म्हणालं की याचा हात चालतोय, तर भांडू नका. फक्त विचारा, एकूण किती डाव झाले? हरलेले कुणी मोजले? आणि पत्ते नीट पिसले का? स्वतःचा हात चालत असेल, तर हे तीन प्रश्न आधी स्वतःला विचारा. मी फॉर्म भरायच्या आधी विचारले असते, तर लेट फी वाचली असती.